आगोटीची बेगमी

प्रत्येक देशाच्या वाट्याला वर्षातून एक अवघड ऋतू येतोच. ज्या मुलखात बर्फ पडते तेथील लोक हिवाळ्याला भितात. काश्मीरातील गृहिणी उन्हाळ्यातच भोपळा, वांगी, टोमॅटो वाळवून ठेवतात. कारण पुढे वाटा बर्फाखाली जावयाच्या असतात. आमच्या रत्नागिरीस हिवाळा म्हणजे सुखाचा काळ. भात घरात आलेले, हवा कोरडी, समुद्र शांत. आम्हांस धास्ती वाटावयाची ती मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसाची. त्या चार महिन्यांकरिता घरात जे भरून ठेवावयाचे त्याला आमच्याकडे ‘आगोट’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पावसाळ्याचा आरंभ एवढाच आहे. पण त्या आरंभापूर्वी जे सामान भरावयाचे त्यालाही पुढे तेच नाव पडले. ‘आगोट भरली का?’ हा प्रश्न वैशाखात एकमेकींना विचारल्यावाचून दोघी शेजारणींचे बोलणे पुरे होत नसे.

अलीकडे या आगोटीविषयी मोठ्या कौतुकाने बोलले जाते. पूर्वीचे लोक कसे स्वयंपूर्ण होते, त्यांना बाजाराची गरज कशी नव्हती, एकेका घरात चार महिने पुरेल एवढी बेगमी कशी असे, असे सांगताना वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावतात. ते कौतुक अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. मात्र इतिहास पाहू गेल्यास हे चित्र अर्धेच खरे ठरते. भरलेल्या माळ्याची गोष्ट सर्वांनी सांगितली आहे. रिकाम्या कणगीची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आज मी दोन्ही सांगणार आहे, कारण संकटकाळी घर कशाच्या बळावर तरते हे त्या दोन्ही एकत्र पाहिल्याखेरीज कळत नाही.

प्रथम मुलूख ध्यानी घ्या. रत्नागिरी जिल्हा म्हणजे सह्याद्री नि सिंधुसागर यांच्यामधील एक चिंचोळी, उंचसखल पट्टी. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ही पट्टी दक्षिणेस गोव्याच्या सीमेस भिडत असे. वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांतच कोसळतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या उन्हाळ्यात गुडघाभर, तर श्रावणात दोन्ही काठ बुडवून वाहणाऱ्या. पूल नव्हते तोपर्यंत एका गावाहून पलीकडच्या गावी जावयाचे तर तरीवरच्या होडीची वाट पाहावी लागे, आणि पूर आला की तरही बंद. पूर्वेकडे कुंभार्ली, आंबा यांसारखे घाट. त्या वाटांनी वर्षातील आठ महिने बैलांचे तांडे नि गाड्या ये-जा करीत. कोल्हापूरचा गूळ, देशावरची डाळ, मिरची, कांदा खाली येई. नारळ, सुपारी, मीठ नि सुकी मासळी वर जाई. पावसात दरडी कोसळत, चिखल होई आणि ही वाहतूकही मंदावे.

उरला तो समुद्र. आणि समुद्र हाच आमचा खरा राजमार्ग होता. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरांची माळच किनाऱ्यावर ओवलेली आहे. परंतु मृगाचे वारे सुटले की हा मार्गही बंद होई. ही शिस्त फार जुनी. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त राज्यकारभाराची नीती सांगितली, तीत पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित बंदरी छावणीस नेण्याचा विचार आहे, आणि गडावरील धान्याच्या नि दारूच्या कोठारांचाही आहे. राजाच्या गडाला जे कोठार, तेच गृहस्थाच्या घराला माळा नि कणगी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आणि नंतर बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी किनाऱ्याने धावू लागल्या. बोट बंदराबाहेर उभी राही आणि माणसे नि सामान पडावांतून ने-आण केले जाई. या आगबोटीही मे महिन्याच्या अखेरीस थांबत, त्या थेट नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला म्हणजे पुन्हा सुरू होत. पावसाळी समुद्राशी खेळण्यात काय धोका असतो, हे १९४७ साली सर्वांना कळून चुकले. त्या वर्षी १७ जुलै रोजी मुंबईहून रेवसला, म्हणजे अगदी जवळच्या पल्ल्याला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

तेव्हा आगोट भरण्यामागे हौस नव्हती. तीन बाजूंनी वाट अडली म्हणजे चौथी बाजू घरातच शोधावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

आता घरात चला. आगोटीची तयारी माघ-फाल्गुनापासूनच सुरू होई. आधी सरपण. लाकूडफाटा तोडून, वाळवून पडवीत रचावयाचा आणि गोवऱ्या कोरड्या जागी लावून ठेवावयाच्या. कारण तांदूळ कितीही असला तरी ओल्या लाकडावर भात शिजत नाही. मग घर शाकारावयाचे किंवा कौले परतावयाची, पडवीला झापांच्या झडी बांधावयाच्या, इरली नि घोंगडी ठाकठीक करावयाची, गुरांकरिता पेंढा रचून ठेवावयाचा. चैत्रात मसाले, हळद, मिरची, मीठ. वैशाखात पापड, कुरडया, सांडगे, भरलेल्या मिरच्या, कुळथाचे पीठ. ज्येष्ठ लागेपर्यंत आंब्याची साठे, फणसपोळी, मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कैऱ्या, खारवलेले फणसाचे गरे. फणसाच्या आठळ्यांनाही माती फासून ठेवीत; आषाढात भाजी मिळेनाशी झाली म्हणजे त्या भाजून वा उकडून खावयाच्या. रातांबे फोडून त्यांची साले उन्हात टाकावयाची, मीठ घातलेल्या रसात ती पुन्हा पुन्हा बुडवून वाळवावयाची, तेव्हा त्यांची आमसुले होत. उरलेल्या बियांतून मुठेल निघे. भेगाळलेल्या टाचांना चिखलाच्या दिवसांत त्याचाच आधार. ज्यांच्या घरी मासळी चाले त्यांच्याकडे बोंबील, सोडे, सुकट नि खारे बांगडे येत. कोळणी, दालदी बायका टोपल्या घेऊन आतल्या गावांत जात आणि पैशाऐवजी बहुधा भात घेऊन परतत. समुद्राची बेगमी डोंगराकडे नि डोंगराची बेगमी समुद्राकडे, असा हा देवघेवीचा व्यवहार होता.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी दोन वस्तू होत्या, ऊन नि मीठ. ऊन फुकट होते. मीठ मात्र फुकट नव्हते. इंग्रजी राज्यात मिठावर कर होता. जेथे लोणचे, आमसूल, खारे मासे यांवरच चार महिने काढावयाचे, तेथे तो कर थेट स्वयंपाकघरात शिरत असे. म्हणूनच १९३० सालच्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेव्हा त्याचा अर्थ कोकणातील बायकांना कोणी समजावून सांगावा लागला नसेल. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते आणि मे महिना हा तर ऐन आगोटीचा महिना. तो कर अखेर १९४७ साली उठला.

भरणे ही एक कला, तर पुरवणे ही दुसरी. मी कित्येक वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकविले. त्रैराशिकाचा कंटाळा आलेल्या मुलांना मी एक उदाहरण घालीत असे. घरात आठ माणसे, माणशी रोज अर्धा शेर तांदूळ, तर रोजचे चार शेर, म्हणजे एक पायली. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत सुमारे एकशेवीस दिवस. म्हणजे १२० पायल्या, अर्थात ४८० शेर तांदूळ. त्यात गणपतीला मुंबईहून येणारे पाहुणे धरा, पेरणी-लावणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्या माणसांचे जेवण धरा, उंदीर नि कीड यांचा वाटा धरा. आणि बियाणे? ते हिशेबात धरावयाचेच नाही. कारण त्याला हात लावला की पुढल्या वर्षीची बेगमी आज खाल्ली असे होते. मुले उदाहरण सोडवीत, पण घरी हाच हिशेब त्यांच्या आज्या नि आया पाटी-लेखणीवाचून करीत. श्रावणात कणगीत हात घालून धान्याची पातळी अजमावावयाची आणि त्याप्रमाणे भातात नाचणीची भाकरी किती मिसळावयाची, पेज किती पातळ करावयाची, हे त्या ठरवीत. वाल, कुळीथ राखेत घोळून ठेवावे, धान्यात निरगुडीचा पाला घालावा, लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू नये, या सूचना छापील ग्रंथांत नव्हत्या. त्या सासूकडून सुनेकडे येत, आणि पुष्कळदा बोलण्यांसकट येत. या कष्टाचे नाव कोठल्याही खातेवहीत नाही; पण आगोटीतील अर्धी किंमत मालाची धरली, तर उरलेली अर्धी या हातांची धरली पाहिजे.

येथवर भरलेल्या माळ्याची गोष्ट झाली. आता दुसरी गोष्ट.

आमचा जिल्हा पूर्वीपासूनच तुटीचा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक. भाताची खाचरे थोडी आणि तोंडे फार. त्यातून जमिनीची मालकी बहुतांशी खोतांकडे. कुळाने भात पिकवावे आणि पिकाचा ठराविक वाटा खोताला घालावा, अशी रीत होती. भाताच्या जमिनीवर हा वाटा पुष्कळदा अर्धेल, म्हणजे निम्मा असे. वरकस जमिनीवर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. समजा, कुळाने खंडीभर भात पिकवले. वीस मणांतले दहा मण खोताकडे गेले. उरलेल्या दहा मणांतून बियाणे काढले, बलुतेदारांचे बलुते दिले, वाण्याचे देणे फेडले. शिवाय भात कांडल्यावर मापाने जवळजवळ निम्माच तांदूळ हाती येतो. मघाचे एकशेवीस पायल्यांचे उदाहरण या घरात कसे सुटावे? दिवाळीत कणगी भरलेली दिसे, शिमग्यापर्यंत ती अर्धी होई, आणि आगोट भरावयाच्या वेळेस तळ दिसू लागे.

मग कुळाने खोताकडे वा सावकाराकडे जाऊन ‘खावटी’ मागावयाची. खावटी म्हणजे पावसाळ्यात खाण्याकरिता घेतलेले उसनवारीचे धान्य. पण ती उसनवारी साधी नव्हे. आषाढात मणभर भात घेतले तर कापणीनंतर सवाईने सव्वा मण, किंवा दिढीने दीड मण परत घालावयाचे. पाच महिन्यांत शेकडा पन्नास व्याज झाले. शिवाय आषाढात भात महाग आणि दिवाळीनंतर स्वस्त, म्हणून परत घालताना माप वाढे, ते नव्या पिकातून जाई, आणि पुढल्या आषाढात कणगी आणखी लवकर रिकामी होई. याप्रमाणे एका घरची भरलेली कणगी दुसऱ्या घरच्या रिकाम्या कणगीवर दरसाल थोडी थोडी भरत असे. जुन्या बेगमीचे गोडवे गाताना हे विसरता उपयोगी नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील. ते विधेयक तेव्हा पुढे गेले नाही. खोती नष्ट करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले.

१८८० साल या दृष्टीने मोठे विचित्र आहे. त्या एकाच वर्षी रत्नागिरीच्या खोतीची व्यवस्था लावणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी टपालखात्याने हिंदुस्थानात मनीऑर्डरची सोय सुरू केली. एकाने कुळाचे गावातील स्थान ठरविले. दुसऱ्याने गावाबाहेर गेलेल्या त्याच्या मुलाचा पगार घरी पोचविला. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. गिरणीत, गोदीत, पोलिसांत, पलटणीत राबणाऱ्या या चाकरमान्यांची मनीऑर्डर आली की वाण्याकडे आगोटीचे सामान उचलता येई. म्हणजे ज्याला आपण गावची स्वयंपूर्ण बेगमी समजतो, तीत परळ-लालबागच्या साच्यांचा घरघराट मिसळलेला होता.

आणि त्या पैशाने विकत यावयाचा तांदूळ तरी कोठला? पुष्कळसा रंगूनचा. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ येत असे. मुंबईस उतरलेला तो जाडा तांदूळ बोटीने बंदरोबंदरी जाई आणि गरिबाच्या चुलीवर शिजे. इतिहासाचा एक चमत्कारिक योग पाहा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली आमच्या रत्नागिरीत आणून ठेवले. भाट्याच्या खाडीवरून दिसणारा त्याचा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला; १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. ज्या राजाला त्याच्या देशाचे दर्शन पुन्हा घडले नाही, त्याच्याच देशाचा तांदूळ त्याच्या वाड्याखालच्या बंदरात उतरत होता. राजा कैदेत आणि तांदूळ मोकळा, असा तो काळ होता.

ही मोकळीक एका दिवसात संपली. दुसऱ्या महायुद्धात ८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्याने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मार्च महिना होता. म्हणजे आगोट भरावयास जेमतेम दोन-अडीच महिने उरलेले. ज्यांचा सारा भरवसा मनीऑर्डरीवर होता, त्यांच्या हाती पैसा होता, पण त्या पैशाला धान्य मिळेना. पुढल्याच वर्षी, १९४३ साली, बंगालात दुष्काळ पडला आणि सरकारी चौकशी मंडळाच्या अंदाजानेही सुमारे पंधरा लाख माणसे दगावली. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी त्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवून दिले, की धान्याचा तुटवडा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. जे धान्य होते ते मिळविण्याची शक्ती मजूर, कोळी, कारागीर यांच्या हातून गेली होती. आमच्या कुळांना हे निराळ्या शब्दांत ठाऊकच होते. खोताच्या कोठारात भात होतेच की!

मुंबई शहरात मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले. हळूहळू प्रांतभर नियंत्रणे आली. तुटीच्या जिल्ह्यांना बाहेरून धान्य पुरविण्याचा भार सरकारवर पडला. तांदूळ पुरेना तेव्हा ज्वारी, बाजरी, जे हाती येईल ते दुकानातून दिले जाई. पेजेवर वाढलेल्या माणसांना ते धान्य रुचले नाही, पण पोटात गेले. १९४६ साली रेशन माणशी रोज बारा औंसांवर आले. त्या दिवसांत नाचणी, वरी, आठळ्या, सुरण नि करांदे यांनी पुष्कळ घरे तारली. आईबापांच्या तोंडून त्या वर्षांच्या गोष्टी ऐकतच माझी पिढी वाढली. त्या गोष्टींत रेशनच्या दुकानाला शिव्याही असत. परंतु दुकान बंद असावे, असे कोणी म्हटलेले मला आठवत नाही.

याच काळात मराठी घराघरांत एक शब्द रूढ झाला, ‘साठेबाज’. आणि एक नैतिक प्रश्न उभा राहिला: घरात चार महिन्यांचे धान्य भरून ठेवणारा गृहस्थ आणि वखारीत पोती लपविणारा व्यापारी यांत फरक कोणता? फरक मापाचा आहे हे खरे. पण केवळ मापाचा नाही. तो वेळेचाही आहे. आगोट भरली जाई ती सुगीत वा उन्हाळ्यात, जेव्हा माल मुबलक असे, उन्हात वाळवून टिकविला नाही तर वाया जाण्याची भीती असे. फणस, रातांबे, कैऱ्या, मासळी यांची नासाडी थांबवून तिने जगातील अन्नात भरच घातली. साठेबाजी सुरू होते ती टंचाईची चाहूल लागल्यावर. ती अन्नात कणाचीही भर घालीत नाही, दुसऱ्याच्या वाट्याचे उचलून आपल्या दाराआड ठेवते. वैशाखात दहा पायल्या भरणारी गृहिणी शहाणी. बाजारात शेवटच्या दहा पायल्या उरल्या असता त्या सगळ्या उचलणारी तीच गृहिणी शेजारणीची अपराधी.

गावाच्या भाषेत या फरकाला फार जुने दोन शब्द आहेत. एक ‘खावटी’, तिचा हिशेब वर सांगितला. दुसरा ‘उसने’. शेजारीण पायली घेऊन येते, तांदूळ उसने नेते आणि नवे भात आले म्हणजे तीच पायली भरून परत आणते. जाते तेव्हा जेवढे माप, येते तेव्हा तेवढेच. मीठ, विरजण, निखारा हे तर परत मागावयाचेही नसे. खावटीचे माप वाढत जाते; उसन्याचे माप सारखे राहते. ज्या गावात खावटी अधिक, तेथे कणग्या भरलेल्या असूनही भूक होती. ज्या वाडीत उसने अधिक, तेथे कणग्या अर्ध्या असूनही आषाढ पार पडला. मला आगोटीच्या इतिहासातून एवढे एकच सूत्र काढावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. खोती गेली, शिधापत्रिका आली, नद्यांवर पूल झाले, गावोगावी एस. टी. जाऊ लागली. किनाऱ्याची आगबोट पुढे बंद पडली आणि १९९८ सालच्या २६ जानेवारीस कोकण रेल्वे अखंड धावू लागली. पावसाळ्यातही ताजी भाजी घाटावरून येऊ लागली, तेव्हा आगोट हे गरजेचे काम न राहता रुचीचे झाले. आमसूल, साठे नि पापड आता दुकानांतून सुबक पिशव्यांत मिळतात, आणि महिला बचतगटांना त्यांतून चार पैसे मिळतात. ज्या हातांच्या कष्टांना खातेवहीत जागा नव्हती त्यांची नोंद आता कोठे होऊ लागली, हे चांगलेच झाले.

परंतु अनिश्चित काळ संपला असे समजण्याचे कारण नाही. २०२० सालच्या मार्चअखेर साथीच्या रोगामुळे देशभर टाळेबंदी आली. मुंबईहून चाकरमानी मोठ्या संख्येने गावी परतले. ज्या मनीऑर्डरीवर घर चालावयाचे, तो मनीऑर्डर पाठविणाराच जेवावयास घरी आला. त्यातच ३ जून रोजी, आगोट नुकती भरलेली असता, ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली, मंडणगड भागांतील घरांची छपरे उडविली. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे विजेवाचून राहिली. पुढल्या वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीला आलेल्या पुराने चिपळूण बुडाले. घरातील, दुकानांतील धान्य पाण्याखाली गेले. रोगाच्या वर्षी ज्याच्या घरी बेगमी होती तो निर्धास्त राहिला. पुराच्या वर्षी बेगमीच कुजली, आणि मग तारले ते बाहेरून आलेल्या शिधावाटपाने, घाटावरून नि मुंबईहून आलेल्या मदतीने आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्याच्या चुलीने. एकाच तालमीत दोन्ही धडे मिळाले.

तेव्हा आपण शहरातील सुशिक्षित मंडळींनी यातून काय घ्यावे? घरात थोडी बेगमी अवश्य असावी. महिनाभराचे तांदूळ, डाळ, गूळ, मीठ, आमसूल, एखादी लोणच्याची बरणी, पिण्याचे स्वच्छ पाणी. आणि यांतले काही उंचावर ठेवलेले असावे. ती मालाच्या मोसमात भरावी, अफवेच्या मोसमात नव्हे. तिचा हिशेब घरातील एकट्या बाईवर टाकू नये. पुरुषांनी नि मुलांनीही पापड लाटावे, कीड निवडावी, पातळी अजमावावी. पण त्याबरोबर हेही ध्यानी धरावे, की आपली कणगी कधीच एकट्याने भरलेली नव्हती. तीत गिरणीकामगाराचा घाम होता, रंगूनच्या शेतकऱ्याचा तांदूळ होता, मिठागरावरच्या मजुराचे मीठ होते, कोळणीची मासळी होती. ज्या गोष्टी दहा हातांनी भरल्या जातात, त्यांवर अडचणीच्या दिवशी एकट्याचा हक्क सांगणे बरे दिसत नाही.

कोकणात आश्विनातल्या पौर्णिमेला नवे भात घरात आणून पुजतात. तिला आम्ही नव्याची पुनव म्हणतो. आगोट संपल्याचा तो दिवस. त्या दिवशी जुन्या जाणत्या बायका दोन कामे करीत. आधी बियाण्याचे भात वेगळे काढीत, आणि मग शेजारणींची उसनी पायली भरून परत पाठवीत. आपण काय खाल्ले, याचा हिशेब त्यानंतर.